आजी हयात असताना ठेवलेले नाव

या समूहात मी आजवर केवळ वाचत आले. आज लिहिण्याचे धाडस करते आहे, ज्येष्ठांनी क्षमा करावी.

दुपारी शिफ्ट संपल्यावर, आमच्याच रुग्णालयात बाळंत झालेल्या नोरा या आयरिश सहकारी नर्सला भेटायला गेले. मुलीचे नाव तिने ब्रिजिड ठेवले आहे.

"जुन्या आयरिशमध्ये त्याचा अर्थ थोर," ती म्हणाली. "माझ्या आईचं नाव. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, ही आमची जुनी रीत."

आमच्या घरी वारलेल्या माणसाचेच नाव बाळाला देतात. म्हणून मी हळूच विचारले, "आई कधी गेल्या?"

नोराने बाळाचे दुपटे नीट केले. "अजून आहे. पण डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेत. तिच्या कानावर हे नाव पडावं, एवढंच मागतेय."

मी ओशाळून माफी मागत होते, तोच आयर्लंडहून व्हिडिओ कॉल आला. उशीवर एक थकलेला चेहरा दिसला.

"आई, ही ब्रिजिड."

त्या बराच वेळ बाळाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते नाव मला अजून लागतंय, पोरी. तोवर दोघी मिळून वापरू."

आपण माणूस जाण्याची वाट का पाहतो? तुमच्या घरी कुणी आपलेच नाव पाळण्यापाशी ऐकले आहे का?

डार्विन (ऑस्ट्रेलिया), रविवार, १५ मार्च २०२६, सायंकाळी ७.४०