समुद्र पाहिलेला माणूस

धान भरडलं की तांदूळ थोडा आणि कोंडा ढीगभर! आमच्या फिरण्याचंही तसंच. पाय जेवढे चालत नाहीत तेवढे किस्से गोळा होतात. विसरू म्हटलं तरी कोणीतरी चहाच्या टपरीवर उकरून काढतंच.

तुमसरला सकाळी फिरणारा आमचा सहा जणांचा ग्रुप. रविवारी आंबागडचा किल्ला, नाहीतर बपेऱ्याकडे नदीकाठ. यंदा जानेवारीत मात्र आमचं डोकं फिरलं आणि आम्ही थेट कोकण गाठलं. चार दिवस कड्याकड्यानं, कातळावरून, समुद्र बघत पायी चालायचं, असा प्लॅन. गाईड कोण? तुळाराम भाऊ, राइस मिलचे रिटायर्ड मिस्त्री. ग्रुपात समुद्र पाहिलेला माणूस तेवढाच. मी भूगोलाचा मास्तर खरा, पण माझी भरती-ओहोटी सगळी फळ्यावरची!

नागपूर स्टेशनवर भाऊंची बायको यमुनावहिनी पाण्याच्या बाटल्या भरायला उतरल्या, तसे भाऊ माझ्या कानाशी आले.

"मास्तर, मी समुद्र पायलाच नाही."

"अरे बाप्पा! मग पस्तीस वर्षं काय सांगून राहिले?"

"पोरगी पाहाले गेलो तवा सासरा मने, आंधी पाहाले आलेला पोरगा नागपूर पाहून आलता. मंग मी काय सांगू? मी मनलो, मी समुद्र पाहून आलो! जमलं लगन." भाऊंनी वहिनींकडे चोरून बघितलं. "आता यमुनेले समजलं तं काय तोंड दाखवू? संभाळा मास्तर."

मी काय संभाळणार, कपाळ!

*

पहिल्या दिवशी दुपारी कड्यावर पोचलो. समोर पाणीच पाणी. आंबागडचे देवाजी, धानाचे पक्के शेतकरी, डोळ्यांवर हात धरून पाच मिनिटं इकडून तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, याची पाळ कोनतीकडे आहे गा?"

आमच्याकडे तलाव म्हटला की त्याला मातीची पाळ असते, त्याशिवाय पाणी अडेल कसं? सगळे भाऊंकडे बघू लागले. वहिनीही.

"पल्याड आहे," भाऊ म्हणाले. "इथून नाही दिसत."

चूक काय बोलला माणूस, सांगा!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गडबड. आम्ही उतरलो होतो त्या घरामागेच छोटी खाडी होती. रात्री तुडुंब, सकाळी नुसता चिखल. होड्या आडव्या पडलेल्या. देवाजींनी आरडाओरड केली, "अबे, पानी कोनं सोडलं?"

आमच्याकडे एका रात्रीत तलाव असा उतरला तर लाठ्या निघतात. घरमालक अंगण झाडत होते, ते थबकले. भाऊंनी घसा साफ केला.

"जानेवारीत सोडतेतच. खाली उन्हाळी धान लावाचा रायते ना!"

"अहो, ओहोटी हो ती!" मालक म्हणाले.

"तेच तं मी मनतो," भाऊ म्हणाले, "ओहोटीलेच सोडतेत."

मालकांनी झाडू भिंतीला टेकवला आणि ते आत निघून गेले. वहिनी मात्र मान डोलावत होत्या.

*

त्याच दिवशी आम्ही खडकांवर चढलो. चपला खाली वाळूत ओळीनं काढून ठेवल्या, देवळासमोर ठेवतो तशा. वर बसून डबे खाल्ले, फोटो काढले. खाली येऊन बघतो तर चपला गायब!

"चोर आहेत इथं!" देवाजी भडकले. माणूस तर मैलभर दिसत नव्हता. तेवढ्यात एक लाट आली आणि एक चप्पल टाकून गेली. मग दुसरी लाट, दुसरी चप्पल.

"वापस करून रायला गा!" देवाजी खूश. पण एक हिरवी, एक काळी, आणि दोन्ही डाव्या! आमच्यातल्या कोणाच्याच नव्हत्या त्या. तुमसर येईपर्यंत देवाजी त्याच घालून फिरले. फुकटचं सोडायचं नाही म्हणे.

*

तिसऱ्या दिवशीची फजिती माझी. म्हटलं, समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहू, म्हणजे पुढचं गाव लागेल. भूगोल आहे हा! चाललो. कडे, काटे, करवंदाच्या जाळ्या. तीन तास समुद्र डाव्याच हाताला. शेवटी एक गाव दिसलं. चिखलात होड्या, कौलारू घर, अंगणात झाडूवाला माणूस.

"याले कुठंतरी पायलं," देवाजी म्हणाले.

"कोकणात सारी मानसं सारखीच दिसतेत," भाऊ म्हणाले.

"जेवायला वाढू का?" त्या माणसानं विचारलं.

आमचेच घरमालक! समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला आम्ही वळसा घातला होता. एका बाजूनं गेलो, दुसऱ्या बाजूनं परत आलो. समुद्र दोन्हीकडे डावाच. देवाजींनी मला त्या दिवसापासून मास्तर म्हणणं बंद केलं.

*

शेवटच्या संध्याकाळी त्याच टोकावर बसलो होतो. सूर्य पाण्याला टेकलेला. भाऊ आणि वहिनी पुढच्या दगडावर, मी मागे थर्मासमधून चहा ओतत होतो. तीन दिवस वहिनी काही विचारत नव्हत्या. आता विचारलं.

"अजी, तुमी आंधी आलते तवा बी असाच होता काय हा?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे.

"यमुने," भाऊ म्हणाले, "मी आलोच नव्हतो. आजवर पायलाच नव्हता. लगनासाठी खोटं बोललो होतो. तुले काय बोलाचं ते बोल."

मला वाटलं, झालं! आता ही बाई रडते, नाहीतर यांना खाली ढकलते. वहिनींनी कपाळाला हात लावला.

"अगे माय! आता मी काय करू?"

"काहून?"

"मी बी तं माहेरी, साऱ्या बपेऱ्याले सांगून ठेवलं, लगनानंतर तुमी मले नेऊन दाखवला मून! पस्तीस वर्सं सांगून रायली. सकाळी बहिनीले फोटो धाडला, तं पाहा तिनं काय इचारलं." वहिनींनी मोबाईल पुढे केला. "मनते, पयल्यासारखाच आहे काय व, का बदलला? आता हिले काय लिहू?"

भाऊंनी मोबाईल बघितला. मग समुद्र बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी निरखून.

"लिही," ते म्हणाले, "तवापेक्षा पानी कमी झालं."