मध्यम मार

कवठे महांकाळला आमच्या शेजारी एक ट्रॅक्टरवाले राहायचे. लहानथोर सगळ्यांना, अगदी बायकोलाही, ‘गड्या’ म्हणायचे. कडब्याच्या ट्रॉलीवरून ते डोक्यावर पडले, तेव्हा सांगलीला नेताना मी सोबत होतो.

“मार मध्यम आहे,” डॉक्टर म्हणाले.

“मध्यम म्हंजी?” त्यांच्या बायकोनं विचारलं.

“काही तास शुद्ध नव्हती. आता डोळे उघडतात, बोलतात, पण बोलणं जुळत नाही. किरकोळ नाही, अगदी गंभीरही नाही.”

आम्हाला काहीच उमगलं नाही.

घरी आणलं, तर स्वतःच्याच दारात चपला काढून ते थांबले.

“आवं, आत येऊ का?”

“या की,” म्हणत बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पुढं बोलणं जुळलं, ट्रॅक्टरही सुरू झाला. दारात थांबून विचारणं मात्र राहिलंच. ते तिला ओळखतात की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तिला विचारायचा धीर झाला नाही.