हनुवटीखालचा हात

समजा, तुमच्यासमोर बोटभर लांबीची पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर रेशमी फीत ताणून बसवायची आहे. फीत गुळगुळीत, निसटती. तिच्यावरचे रंगीत पट्टे पितळेच्या कडेशी अगदी काटकोनात यायला हवेत. केसभर कलले तरी परेडच्या मैदानावर लांबून दिसतं. फीत मागे दुमडायची, सुई तिरकी घालायची, टाका मागच्या मागेच घ्यायचा. पुढून बघणाऱ्याला इथे कधी सुई लागली होती याची शंकाही येता कामा नये. आता समजा, ही फीत शौर्यपदकाची आहे. ती ज्याच्या छातीवर लागणार तो माणूस समोरच्या बाकावर बसून चहा पितोय. आणि त्याने जो जीव वाचवला, तो तुमचाच आहे. हात थरथरेल की नाही?

टाकेमास्तरांचा आता थरथरत नाही. "पहिल्यांदा थरथरला होता," ते म्हणतात. "त्या फितीवर सुईपेक्षा माझ्या बोटातलं रक्तच जास्त लागलं. पण तिचा रंग लालच होता, म्हणून निभावलं."

त्यांचं दुकान छावणीच्या फाटकासमोर आहे. एका बाजूला फोटो स्टुडिओ, दुसऱ्या बाजूला बूट दुरुस्तीवाला. आत एक काच घातलेलं टेबल, एक दिवा, एक बाक आणि फितींचे दोन खण: वरचा वायुसेनेचा, खालचा भूदलाचा. ही मांडणी कोणाला पटत नाही. भूदलाचे जवान आले की म्हणतात, "मास्तर, आम्हाला खाली का टाकलंय?" मास्तर म्हणतात, "अरे, जमिनीवरची माणसं तुम्ही. वर ठेवलं तर चक्कर येईल." वायुसेनेचे म्हणतात, "त्यांच्या खणातला धागा आम्हाला नको हं, चिखल लागलेला असतो." त्यावर मास्तर सुईवरून डोळा न काढता सांगतात, "चिखलाला नावं ठेवू नका. मी चिखलानेच वाचलोय."

हे वाक्य ते गमतीत म्हणत नाहीत.

तेव्हा, लढाईच्या दिवसांत, मास्तर शिवत नव्हते, भूदलाचा ट्रक चालवत होते. नदीवर तरंगता पूल टाकला होता आणि पलीकडच्या तुकडीला दारूगोळा पोचवायचा होता. मास्तरांचा ट्रक पुलाच्या तोंडाशी आला आणि शेजारी तोफगोळा पडला. ट्रक घसरला, नाक खाली करून नदीत गेला आणि अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असा अडकून राहिला. मास्तरांचा पाय खाली कुठेतरी चेंगरला गेला होता. खांद्याचं हाड मोडलं होतं. पाणी हनुवटीला लागलं, मग ओठांना. मान ताठ ठेवायची ताकद हळूहळू सरत चालली.

आणि मागून, चालकाच्या पाठीमागच्या फुटक्या खिडकीतून, एक हात आला. त्याने मास्तरांची हनुवटी धरली, अंगठा कानामागे टेकवला आणि डोकं पाण्याच्या वर उचलून धरलं.

त्या हाताचा माणूस ट्रकच्या उघड्या हौद्यात उभा होता, हे मास्तरांना नंतर कळलं. त्या वेळी त्यांना मान वळवता येत नव्हती. कान पाण्याखाली होते, त्यामुळे आवाजही नाही. वर फक्त धुराने भरलेलं आभाळ आणि चिखलाने माखलेली एक बाही. गोळे पडत राहिले. हात हलला नाही. गोळीबार थांबल्यावर पत्रा कापणारी माणसं आली, तोवर मास्तरांची शुद्ध हरपली होती.

जिवावरचं पायावर निभावलं. डावा पाय गुडघ्याखाली गेला, बाकीचे मास्तर शिल्लक राहिले.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी बायकोला पहिला प्रश्न विचारला, "तो कोण होता?" बायको म्हणाली, "तुम्हीच सांगायचंय म्हणे. बाहेर दोन साहेब ताटकळलेत."

झालं होतं असं. त्या लढाईसाठी सर्वांत मोठं शौर्यपदक एकच द्यायचं, असं वरून ठरलं होतं. ते आपल्याकडे यावं म्हणून भूदल आणि वायुसेना दोघंही हट्टाला पेटले होते. ट्रकपाशी दोन जवान जखमी सापडले होते. एक भूदलाचा, पूल बांधणाऱ्या तुकडीतला; त्याला सगळे पूलवाला म्हणत. दुसरा वायुसेनेचा, हेलिकॉप्टरमधून दोर सोडून जखमींना वर खेचणारा, तो दोरवाला. त्याचं हेलिकॉप्टर काठावर उतरलं आणि निकामी झालं होतं. डोकं कोणी धरलं? काठावरून बघणाऱ्यांना धुरात चिखलाची आकृती दिसली होती. कोणी म्हणे एक, कोणी म्हणे दोन. आणि त्या दोघांना विचारलं, तर पूलवाला म्हणे, "दोरवाल्याने." दोरवाला म्हणे, "पूलवाल्याने." साहेबांनी माना डोलावल्या. शूर माणूस असंच बोलायचा! म्हणजे उरले मास्तर.

भूदलाचे मिशीवाले साहेब आधी आले. हातात संत्र्यांची पिशवी. "आपल्या पलटणीचं मीठ खाल्लंय तुम्ही," ते मायेने म्हणाले. "हात आपल्याच माणसाचा असणार, नाही का?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस किती आशेने बघत होता! "असेल साहेब," ते म्हणाले. "नक्की आपलाच."

दुसऱ्या दिवशी वायुसेनेचे काळ्या चष्म्यावाले साहेब आले. हातात द्राक्षं. "बाही निळसर वाटली असेल ना, चिखलाखाली?"

"वाटली असेल साहेब. निळसरच."

सिस्टर खाटेखाली डोकावून म्हणाली, "काका, तराजू आणून देऊ का? फळांचं दुकान उत्तम चालेल." पण बायकोने कपाळावर हात मारला.

"अहो, दोघांनाही हो म्हणालात?"

"नाही कसं म्हणू गं? कोणाचा तरी हात होताच ना. मग 'तो नव्हता' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? ते तोंड त्यानेच वर धरलं होतं."

"तुमचं हे नेहमीचंच. भाजी छान झालीय का विचारलं तरी हो, आणि मीठ कमी पडलंय का विचारलं तरी हो. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेलात, आता बघा."

बायकोचं म्हणणं खरं ठरायला वेळ लागला नाही. दोन्ही दलांनी आपापली शिफारस वर पाठवली आणि दोन्हींत साक्षीदार एकच, साक्षी उलट्या. दोन्ही शिफारशी परत आल्या. साक्षीदार बेभरवशाचा, सबब पदक कोणालाच नाही.

मास्तरांना अन्न गोड लागेना. पाय गेल्याचं त्यांनी कधी इतकं मनावर घेतलं नव्हतं. ज्याने जीव वाचवला, त्याच्या तोंडचा घास आपल्या भिडस्तपणामुळे गेला, हे मात्र त्यांना गिळता येईना. "त्या दोघांना माझ्यासमोर आणा," ते येईल त्या साहेबाला सांगू लागले. "सगळ्यांसमोर विचारा मला. एकदाच." बायकोनेही मिशीवाल्यांना आणि चष्म्यावाल्यांना बाहेरच्या व्हरांड्यात गाठून चांगलं सुनावलं. फळं परत देण्याची धमकीही दिली म्हणतात.

शेवटी सुनावणी ठरली, दवाखान्याच्या करमणुकीच्या खोलीत. टेबल टेनिसचं टेबल मध्ये ओढून त्यावर चादर घातली. एका टोकाला मिशीवाले, दुसऱ्या टोकाला चष्म्यावाले. भांडण जमीन आणि आभाळ यांचं, म्हणून अध्यक्ष आणले आरमारातले. पांढऱ्या कपड्यातल्या त्या साहेबांनी बसता बसता म्हटलं, "घटना पाण्यात घडली आहे. खरं म्हणजे तुम्ही दोघंही आमच्या हद्दीत घुसलात. पण असो."

कोणी हसलं नाही. मास्तरांना हसू आलं आणि जरा धीरही आला.

पूलवाला आला, दंडाला पट्ट्या बांधलेला. दोरवाला कुबडीवर. मास्तर त्यांना पहिल्यांदाच बघत होते. एक बुटका, रुंद. दुसरा काटकुळा, उंच. चेहऱ्यांवरून काहीच ओळख पटेना.

"डोकं यानं धरलं, साहेब," पूलवाला म्हणाला. "मी तर सोडलं होतं."

"धादांत खोटं!" दोरवाला उसळला. "सोडलं ते मी. यानं धरलं."

दोन्ही टोकांच्या साहेबांचे चेहरे पडले. इतकी खटपट करून आपापला वीर मैदानात उतरवावा आणि त्याने समोरच्याचाच जयजयकार करावा!

"साहेब," मास्तर म्हणाले, "मला चेहरा माहीत नाही, बाहीही माहीत नाही. मागे जे बोललो ते दोघांचं मन राखायला बोललो, ते खोडून टाका. पण तो हात मला माहीत आहे. मी डोळे मिटतो. दोघांनी मागून येऊन एकेकदा धरा. कोण आधी, कोण नंतर, सांगू नका."

अध्यक्षांनी मान हलवली. मास्तरांनी डोळे मिटले. मागून पावलं आली आणि एका हाताने त्यांची हनुवटी उचलली. अंगठा बरोबर कानामागे. मास्तरांच्या अंगावर काटा आला. "हाच," ते म्हणाले. "हाच तो."

हात सुटला. दुसरा आला. अंगठा कानामागे, तसाच दाब, तोच आधार.

मास्तरांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "साहेब, हाही तोच."

"पुन्हा दोन्ही डगरींवर?" दारात उभी असलेली बायको पुटपुटली. पण अध्यक्ष पुढे वाकले होते. "तुम्ही दोघांनी पाळ्या लावल्या होत्या का?"

पूलवाल्याने मान खाली घातली. "पाणी बर्फासारखं होतं, साहेब. हात बधिर व्हायचा. मला वाटलं आता सुटतोय, तेवढ्यात याचा हात माझ्या हाताखाली आला."

"आणि माझा गळाला तेव्हा याचा," दोरवाला म्हणाला. "कितीदा झालं, कोणी मोजलंय? पण मी सोडलं हे खरं ना? सोडणाऱ्याला कसलं पदक?"

"बदलताना डोकं एकदाही खाली गेलं नाही?"

"कसं जाईल?" पूलवाला म्हणाला. "पुलाचा दोर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देतो तसं केलं. नवा हात खाली लागून वजन घेतल्याशिवाय जुना सुटत नाही."

"आमच्याकडे स्ट्रेचर आत घेताना हेच," दोरवाला म्हणाला.

"बोटीवरही हेच," अध्यक्ष हळूच म्हणाले.

अध्यक्षांनी दोघांचीही शिफारस केली. वरून उत्तर आलं की सर्वांत मोठं पदक एकाच कृत्यासाठी दोघांना देता येत नाही. मग दोघांना त्याच्या खालचं मिळालं, अगदी सारखं. दलांची चुरस त्याने मिटली असं समजू नका. भूदलाच्या संग्रहालयात पूलवाल्याच्या फोटोखाली लिहिलंय, 'वायुसेनेच्या मदतीने'. वायुसेनेच्या संग्रहालयात दोरवाल्याच्या फोटोखाली, 'भूदलाच्या मदतीने'. कोणी कोणाला मदत केली यावर दोन्हीकडच्या गप्पा अजून रंगतात.

मास्तर त्या भानगडीत पडत नाहीत. दवाखान्यात पाय गमावलेल्यांना बसून करायचं काम शिकवत, तिथे ते शिवण शिकले. आणि त्यांनी आयुष्यात बसवलेल्या पहिल्या दोन फिती त्या दोघांच्या होत्या. त्याआधी दुकानाचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. आज त्यांची मुलगी शिकली, नातवाने परवा पहिला दात पाडला, बायको अजून टोमणे मारते. हे सगळं त्या हनुवटीखालच्या आधारावर उभं आहे, असं ते रोज दुकान उघडताना मनात म्हणतात. मोठ्याने म्हटलं तर बायको म्हणेल, "आणि माझ्यावर नाही वाटतं?" तेही खरंच आहे.

फिती उन्हाने विटल्या की ते दोघं येतात. एकाच दिवशी, ठरवून. बाकावर मांडीला मांडी लावून बसतात. पूलवाला आता टकला झालाय, दोरवाल्याचं पोट सुटलंय.

"मास्तर, माझी आधी घ्या," पूलवाला म्हणतो. "मी ज्येष्ठ."

"याची घ्या, पण वाकडी बसवा," दोरवाला म्हणतो.

मास्तर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवतात आणि एकाच धाग्याने आलटून पालटून शिवतात. एक टाका हिला, एक टाका तिला. कोणाची आधी झाली हे मग ठरवताच येत नाही. टाके घालता घालता, दर वेळी, ते एकच गोष्ट विचारतात.

त्या ट्रकपासून काठावरचा खंदक हाकेच्या अंतरावर होता. नंतर नदीवर जाऊन मास्तरांनी कुबड्यांवर स्वतः ते अंतर चालून पाहिलं होतं. पाळी संपली की तिथे जाऊन बसता आलं असतं. पुढची पाळी आली की हाक मारता आली असती. दोघांच्याही जखमा उघड्या हौद्यातच झालेल्या. पदक मिळालं ते डोकं धरून ठेवल्याबद्दल. मग उरलेल्या वेळाचं काय?

विचारलं की पूलवाला कपात बघतो. दोरवाला बाहेर, बूट दुरुस्तीवाल्याकडे. "झाली का हो फीत?" दोघांपैकी कोणीतरी म्हणतो.

फीत झालेली असते. मास्तर दातांनी धागा तोडतात, दोन्ही पट्ट्या दिव्यापुढे धरून पट्टे सरळ आहेत ना हे बघतात, आणि पुन्हा विचारतात:

"ज्याची पाळी नसायची, तो खंदकात का नाही रे गेला?"