काकाजींच्या पोटावरची खूण

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, अपेंडिक्स असलेली आणि अपेंडिक्स काढलेली. यातल्या दुसऱ्या प्रकाराचं पुढारीपण आमच्या काकाजींकडे जन्मभर बिनविरोध आहे. नात्यानं ते माझे चुलतसासरे, पण अख्खं घाटंजी, माझ्या लेकीसकट, त्यांना काकाजीच म्हणतं. लहानपणी त्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हाची विळ्याएवढी खूण पोटाच्या उजव्या अंगाला आहे. ती न पाहिलेला माणूस तालुक्यात सापडलाच तर तो नवीन बदलून आलेला असणार. माझ्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, माझे वडील हारतुऱ्यांची वाट बघत बसले होते, तेव्हा काकाजींनी त्यांच्यासमोर बनियन वर केलं. "पाहून घ्या इवाई. डॉक्टर म्हणे, घंटाभर उशीर झाला असता तं पोट्टं हातचं गेलं होतं." पुढे तो घंटा वर्षागणिक आटत गेला. माझ्या जुईच्या बारशापर्यंत त्याची पाच मिनिटं उरली होती.

पोटापाण्याला त्यांचं बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर कपाशी-तुरीचं बियाणं विकायचं आणि घरी आल्यावर बी या वस्तूची धास्ती घ्यायची, असा संसार. अपेंडिक्समध्ये बी अडकते, हा त्यांचा सिद्धांत! पेरूचा गर कोरून टाकून ते नुसती साल खातात. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी आमच्याकडे चुकत नाही. काकाजी तिच्यातली एकेक बी ताटाच्या कडेला लावत बसतात, तोवर पंगत उठून हात धुऊन येते. सीताफळाच्या दिवसांत तर पोरांचा नुसता छळ. "बिया दाखव. इतक्याच? बाकीच्या कुठी गेल्या?" आणि कुणाचं पोट दुखलं असं कानावर आलं की काकाजी दुकान सोडून हजर. उजवीकडे बोटं दाबायची, झटकन सोडायची आणि विचारायचं, "सोडल्यावर दुखलं?" हो म्हटलं तरी यवतमाळला जा, नाही म्हटलं तरी जा. त्यांचं ऐकून धावलेल्यांपैकी निम्म्यांना गॅस निघाला, आणि एका पोराला तर नुसती गणिताची परीक्षा होती.

त्यामुळे जुई नऊ वर्षांची असताना एका सकाळी पोट धरून बसली, तेव्हा मी काकाजींना कळू द्यायचं नाही असं ठरवून ओवा शोधायला लागले. आधी बेंबीशी दुखत होतं, मग उजवीकडे सरकलं. तिला उलटी झाली, अंग तापलं. एवढ्यात काकाजी आलेच. त्यांनी बोटं दाबली, सोडली, आणि पोर किंचाळली. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस त्या दिवशी एवढंच बोलला, "सूनबाई, ओवा ठेव. गाडी काढा."

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. अपेंडिक्सच होतं. पण त्या म्हणाल्या, "सूज सुरुवातीची आहे. फुटलेलं नाही, आत खडाही दिसत नाही. ॲडमिट करून सलाईनमधून अँटिबायोटिक देऊन बघता येईल. बऱ्याच मुलांचं त्यावर भागतं. काहींचं पुढे पुन्हा उलटतं, मग काढावं लागतं. नाहीतर आत्ताच दुर्बिणीनं काढू. दोन्ही रस्ते बरोबर आहेत, तुम्ही ठरवा."

खरं सांगते, एकच रस्ता असता तर डोळे मिटून चालले असते. दोन म्हटल्यावर, चुकीचा धरला आणि लेकीला काही झालं तर, एवढंच डोक्यात फिरायला लागलं. आम्ही नवराबायको दोघंही काकाजींकडे बघू लागलो. आता ते बनियन वर करणार आणि कापा म्हणणार, यात मला शंका नव्हती.

त्यांच्या आधी जुईच बोलली. "मले ऑपरेशनच पायजे! काकाजीसारखी खूण पायजे!"

दुर्बिणीची खूण तर अगदी बारीक असते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्यावर ही रडत म्हणते, "मंग मोठी करा!"

अगं बाई, हसावं की रडावं! मी काकाजींकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पार उतरलेला. ते स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले.

"ती ऑपरेशनची गोठ मी अर्धीच सांगत होतो, पोट्टे," ते म्हणाले. "मी काही बहादूर नोतो. लय रडलो. माय बाहेर, मी आत. माह्यं फुटलं होतं, म्हणून कोणी मले विचारलं नाही. विचारायले टाइमच नोता. तुह्याजवळ टाइम आहे. मी तुह्या जागी असतो तं दवाई घेऊन पाह्यली असती."

"अन् दवाईनं नाही गेलं तं?"

"तं काढू. तवाही मी इथीसाच बसून राहीन."

त्यांनी शब्द पाळला. सलाईन सुरू झालं आणि काकाजी स्टुलावरून हलेनात. नर्स ताप बघायला आली की आकडा आधी त्यांना सांगायचा. ताप उतरला, दुखणं ओसरलं, आणि एका सकाळी जुईनं तर्रीपोहे मागितले. मिळाली मऊ खिचडी, पण ते मागणं ऐकून काकाजी उपरण्यानं डोळे पुसत बाहेर गेले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पुन्हा दुखलं तर लगेच आणा. बियांचा याच्याशी काही संबंध नाही, असंही त्या हसून म्हणाल्या. काकाजी पायरीवर माझ्या कानात पुटपुटले, "बाई हुशार आहे, पण बियाण्यातलं तिले काय समजते?"

आता लग्नकार्यात बनियन वर जात नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणतात, "कापायचं का नाही ते डॉक्टर सांगन. तुम्ही जायले उशीर नका करू." दर बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात, जुईच्या पोटाबद्दल अक्षर काढत नाहीत, फक्त ती पळते कशी ते बघत बसतात. तिचं दुखणं अजून तरी उलटलेलं नाही. उलटलंच तर काय करायचं ते आम्हाला ठाऊक आहे, आणि पूर्वीसारखी भीती मला वाटत नाही.

काकाजी मात्र थकलेत. परवा ओसरीत खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. जुई हळूच जवळ गेली, सदऱ्यावरूनच त्या जुन्या खुणेवर तिनं दोन बोटं दाबली आणि झटकन सोडली.

"काकाजी, सोडल्यावर दुखलं?"

त्यांनी डोळे न उघडता तिचा हात तिथंच धरून ठेवला. "नाही माय," ते म्हणाले, "आता नाही दुखत."