गडग्यातली पानफुटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी मागून उठते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

पोशीरला आमच्या अंगणाला गडगा आहे. दगडावर दगड रचलेला, सिमेंट नाही की चुना नाही. त्या दगडांच्या फटींत माझी थोरली जाऊ झाडं लावायची. आम्ही तिला ताई म्हणतो. शेण, माती आणि आंबट ताक कालवायची, त्यात एखादं बी नाहीतर पानफुटीचं पान ठेवायची आणि अंगठ्याने फटीत दाबायची. बस्स. श्रावणात माथेरानकडून धुकं उतरलं की दगड दिसायचेच नाहीत — नुसता गुलाबी तेरडा, हवेत टांगल्यासारखा. उन्हाळ्यात चिनी गुलाब. मला तो गडगा अजून स्वप्नात दिसतो, आणि स्वप्नात मी त्याला पाणी घालत असते.

गाव म्हणायचं, हिच्या हाताला गुण आहे. राबात, म्हणजे रोपं करायच्या भाजलेल्या वाफ्यात, भाताची पहिली मूठ दरवर्षी तीच पेरायची. फार्महाऊसवाले जाता-येता गाडी थांबवून गडग्याचे फोटो काढायचे. आणि मी? मी त्यांना चहा करायचे. जळत होते का मी तिच्यावर? तेव्हा कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, छे, काहीतरीच काय, ती मला आईसारखी. होतीही. तेच तर —

चैत्रात तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. विश्रांतीला ती चौक गावी लेकीकडे राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "रंजे, गडग्याला तेवढं पानी मार गं. बाकी काय नाय केलंस तरी चालंल."

बाकी सगळं केलं मी. तिच्या गायीचं केलं, भाऊजींचं जेवणखाण केलं. गडग्याला पाणी घातलं नाही. बोअर आटली होती म्हणू? नव्हती आटली. रोज बादली भरायचे, गडग्यापर्यंत न्यायचे, आणि — कुंडीतल्या माझ्या मोगऱ्याला ओतून परत यायचे.

ती आली तेव्हा फटींत नुसत्या काटक्या होत्या. मी म्हटलं, "पानी तर रोज घातलं, ताई." किती सहज येतं ना खोटं? तिने माझं खरं मानलं. मग दोष द्यायला तिच्याजवळ ती स्वतःच उरली. दगडांवरून हात फिरवत म्हणाली, "पिशवी गेली तशी हाताची वल पन गेली गं माज्या."

पेरणीच्या दिवशी भाताची पाटी तिने माझ्यापुढे धरली. "तूच टाक. तुजा हात वला हाय." अख्खं घर बघत होतं. मी मूठ भरली, पेरली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पण खरं अजून बोललेच नाही मी. इथवरचं कुणाच्याही हातून होतं, असं मी मनाला समजावत आलेय. पुढचं?

आषाढात गडगा फुटला. मेला नव्हताच तो! काटक्यांच्या बुडातून पानफुटी वर आली, तेरडा आला, चिनी गुलाबाचे बारीक कोंब आले. सकाळी ते आधी मलाच दिसलं. ताई तेव्हा उशिरा उठायची, गडग्याकडे पाठ करून बसायची. एक हाक मारायची होती फक्त — ताई, भायेर ये गं, बघ. तिचा हात तिला परत मिळाला असता. आणि पहिली मूठसुद्धा.

मी उपटलं सगळं. बोटाने फटी कोरून कोरून. धुकं असं दाट की वाटावं, दुसरंच कुणी उपटतंय. नाही — मीच होते. आषाढभर, ती उठायच्या आत. उपटलेलं मोरीमागे फेकायचे आणि हात धुऊन तिच्यासाठी चहा ठेवायचे.

त्यानंतर तिने मातीत बी टाकलं नाही. नात कुंडी घेऊन आली तरी म्हणते, "धाकट्या आजीकडं दे." पहिली मूठ आजही मीच पेरते. भात चांगला येतो.

पानफुटी मात्र मरत नसते. मोरीमागे तिचं रान माजलंय. थंडीत घंटांसारखी फुलं लोंबतात. परवा ताई तिथे कितीतरी वेळ उभी होती. मी भांडी घेऊन गेले, तर हसून म्हणाली, "बघ रंजे, कशी माजलीय. माजा हात नाय लागला ना, म्हनून जगली बिचारी."

मी "हो ताई" म्हटलं आणि भांडी घासायला बसले.