पोहण्याच्या बाईंच्या हृदयातलं लोखंड

तरणतलावावरच्या पोहण्याच्या बाईंना दम लागायला लागला, तेव्हा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं. आता तलावाच्या कडेनं एक फेरी मारली तरी बसावंसं वाटे, संध्याकाळी घोटे सुजत. बोटांची पेरं तर केव्हापासूनची दुखत होती, पण जन्म पाण्यात गेला, दुखणारच, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

इको काढला. हृदय ढकलायला हवं त्याच्या निम्मंच रक्त ढकलत होतं. अँजिओग्राफी केली, तर रक्तवाहिन्या स्वच्छ. मग घरात जो तो वैद्य झाला. नवऱ्याच्या मते दोष क्लोरीनचा, भावजयीच्या मते चहाचा. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू मुलांवर दिवसभर ओरडतेस ना, त्यानं झालंय."

"ओरडून हृदय थकत असतं, तर तुझ्या बायकोचं अजून ठणठणीत कसं?"

भावजय हसली. पण नेमकं कशानं झालंय, हे बाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी डॉक्टर मॅडमना भंडावून सोडलं. "अशक्त झालंय हे कळलं हो. पण कशानं?"

"इकोत हृदय कसं हलतं ते दिसतं," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या स्नायूत काय मुरलंय, ते बघायला एमआरआय करू."

अंगावरचं सगळं धातूचं काढून बाई त्या अरुंद बोगद्यात आडव्या झाल्या. यंत्र ठकठक, घरघर करायला लागलं. कानातल्या हेडफोनमधून टेक्निशियन मुलगी म्हणाली, "श्वास सोडा. आता घेऊ नका."

बाईंना हे उलटंच वाटलं. जन्मभर त्यांनी छाती भरून श्वास धरायला शिकवलं, आणि इथे रिकाम्या छातीनं थांबायचं. दोन-तीनदा जमलं, मग मध्येच श्वास घेतला गेला. "परत करू या," मुलगी शांतपणे म्हणाली. आपणही घाबरलेल्या मुलांशी असंच बोलायला हवं होतं, असं बाईंना वाटून गेलं.

मॅडमनी चित्रं पडद्यावर लावली. "हा हृदयाचा स्नायू. इथे करडा दिसायला हवा, तुमचा काळा पडलाय. लिव्हर तर त्याहून काळं. हे लोह आहे, साठलेलं."

"माझ्या हृदयात लोखंड? आलं कुठून?"

"जेवणातूनच. बाकीच्यांचं शरीर लागेल तेवढंच घेतं. तुमचं थांबतच नाही."

"म्हणजे हावरट."

"तसं म्हणा. जन्मतःच आहे, आईवडिलांकडून आलेलं. पेरं त्यानंच दुखतात. कातडीचा हा रंगही त्याचाच."

बाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. उन्हात रापलोय, असंच त्या समजत होत्या. आरशात रोज दिसणारी गोष्ट, आणि कुणालाही शंका आली नाही.

"पाळी येत होती तोवर थोडं लोह बाहेर जात होतं. ती थांबली आणि साठा वाढला," मॅडम म्हणाल्या. "रक्ततपासणीनं खात्री करून घेऊ. भावंडं आहेत? त्यांनाही असू शकतं."

भाऊ ऑफिसात सावलीत बसणारा, रंगानं फिका. त्याला काही होत नव्हतं, म्हणून तो तपासणी टाळत होता. बाईंनी धरूनच नेलं. लोह त्याचंही वाढलेलं निघालं, हृदय मात्र अजून शाबूत होतं. उपाय म्हणजे ठराविक दिवसांनी रक्त काढून टाकायचं, हे ऐकून त्याची पाचावर धारण बसली.

"जळवा लावल्यासारखंच की हे," तो म्हणाला.

"जळू तुला विचारून चावली नसती. झोप."

शेजारशेजारच्या खाटांवर दोघं रक्त देऊ लागली. बाईंचं हृदय नाजूक, म्हणून त्यांचं कमी कमी काढत, शिवाय लोह उतरवण्याच्या आणि हृदयाच्या गोळ्या. सुरुवातीला थकवा वाढलाच. वर्ष सरलं तेव्हा घोट्यांची सूज गेली होती आणि मॅडमनी पाण्यात उतरायची परवानगी दिली, शर्यत मात्र नाही. पेरं तशीच दुखतात; ती बहुधा दुखतच राहतील.

दुसऱ्या एमआरआयनंतर बाईंनी टेक्निशियन मुलीला जुनं आणि नवं चित्र शेजारी लावायला सांगितलं. हृदय बरंच उजळ झालं होतं.

"आणि लिव्हर कुठलं यात? ते तर जास्त काळं होतं ना?"

मुलीनं बोट ठेवलं. बाई खुर्ची पुढे ओढून पाहू लागल्या.