वानुआतूवर बांधलेला किल्ला

लेकीला पाचवीच्या प्रोजेक्टला वानुआतू देश आला आणि आमच्या घरातली शांतता गेली. पॅसिफिकमधली ज्वालामुखीची बेटं. मॉडेल करायचं आणि वर्गापुढे उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. बोलायची तिला भयंकर धास्ती, म्हणून रोज वाचत बसायची. म्हटलं, मॉडेल सोड माझ्यावर. पुण्यात दर दिवाळीला किल्ला करून हात बसलेला माणूस मी, एका डोंगराचं काय एवढं?

अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावात एक बरं आहे, कुठेही खणा, लाल माती. दोन बादल्या गराजमध्ये आणल्या, विटांवर ओलं पोतं टाकलं, वरून चिखल थापला, अळीव पेरले. "प्रोजेक्ट तिचा आहे यार, तुझा नाही," बायको म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

लेक मात्र पिच्छा सोडेना. "बाबा, बुरूज कशाला? देअर इज नो फोर्ट." म्हटलं, नुसता डोंगर बोडका दिसतो गं. मग मी पायऱ्या केल्या, वर पाण्याचं टाकं कोरलं, आत निळा रंग दिला. त्यावर तर ती अडूनच बसली. "टँकला झाकण हवं, बाबा. तिथे लोक छपरावरचं पावसाचं पाणी साठवून पितात." अगं बाई, गडावरची टाकी उघडीच असतात, शेकडो वर्षं. ती तिसऱ्यांदा सांगायला आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. "आधी तुझं भाषण पाठ कर," मी खेकसलो, "मला अक्कल शिकवू नकोस." त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

प्रेझेंटेशनला आईवडिलांना बोलावलं होतं. अर्धा दिवस सुट्टी टाकली, किल्ला मागच्या सीटवर बेल्ट लावून नेला. अळीव झकास उगवले होते, टाक्यापाशी दोन मावळे उभे केले होते. टीचर म्हणाल्या, किती सुंदर कासल. कासल म्हणे, आपल्या गडाला! माझा पारा तिथेच चढला.

लेक उभी राहिली. आवाज कापत होता. राखेनं जमीन कशी सुपीक होते, किनाऱ्यावरची वाळू काळी का असते, वादळं कशी येतात, सगळं तिनं सांगितलं. मग खिशातून एक डबी काढली. आमच्या अंगणातल्या बार्बेक्यू ग्रिलमधली राख होती ती. सगळ्या डोंगरावर तिनं ती भुरभुरवली. हिरवे अळीव करडे झाले, टाक्यातला निळा रंग दिसेनासा झाला.

"राख अशी पडते तेव्हा पिण्याचं पाणी खराब होतं," ती इंग्रजीत म्हणाली. आता आवाज कापत नव्हता. "हा टँक माझ्या बाबांनी केलाय. झाकण लावा, असं मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. आता या दोन माणसांनी काय प्यायचं?"

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. तीही बघत होती, उत्तराची वाट पाहत.